कूपरस्टाउन की आयसीसी?
नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फेऱ्या मारता मारता आमचा वाद रंगला: हॉल ऑफ फेमची, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीची, कुठली निवड खरी: क्रिकेटच्या आयसीसीची, की अमेरिकेतल्या कूपरस्टाउन गावी असलेल्या बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमची? थांबावं दोन्हीकडे लागतं, निवृत्तीनंतर ५ वर्षं. सचिन २०१३ला निवृत्त झाला, २०१९ला आयसीसीच्या यादीत गेला. तिथे जुने मानकरी, पत्रकार मत देतात. आपल्या हाती येतं फक्त नाव.

बेसबॉलचं कूपरस्टाउन मात्र रोखठोक. अनुभवी पत्रकाराने जास्तीत जास्त १० नावं निवडायची, ७५ टक्के मतं हवीत; ५ टक्क्यांच्या खाली घसरलात की पुढच्या वर्षी नाव बाद. २०२०मध्ये बेसबॉलपटू डेरेक जेटरला ३९७पैकी ३९६ मतं! मत न देणारा तो एकटा कोण, गुपितच. (असा खडूस एखादा हवाच म्हणा.)

मी कूपरस्टाउनच्या बाजूने. मित्र म्हणाला, "बरं, आधी चहाचे पैसे दे."