लहान मूल सांभाळत मॉन्टेसरी टीचर ट्रेनिंग – काही महिन्यांनंतरचा अनुभव

कोर्सचा निम्म्याहून जास्त भाग झालाय, त्यामुळे आता नीट लिहिता येईल. लेक दोन वर्षांची आहे, त्यामुळे जे काही लिहितेय ते घरात एवढं लहान मूल असलेल्यांसाठीच आहे असं समजा.

मॉन्टेसरी या नावावर कुणाचा हक्क नाहीये, कुणीही कोर्स काढून ते नाव लावू शकतं, म्हणून सर्टिफिकेट नक्की कुणाचं मिळणार हे आधी बघायचं. एएमआय (असोसिएशन मॉन्टेसरी इंटरनॅशनल) ही संस्था १९२९ साली खुद्द मारिया मॉन्टेसरींनी, म्हणजे ही पद्धत घडवणाऱ्या बाईंनीच, सुरू केली, तिचा डिप्लोमा बऱ्याच देशांत चालतो, पद्धत बरीच काटेकोर आणि शेवटी लेखी-तोंडी परीक्षा. एएमएस (अमेरिकन मॉन्टेसरी सोसायटी) १९६० ची, अमेरिकेतली, तिथे थोडी मोकळीक आहे पण प्रॅक्टिकम, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष वर्गावरचा सराव, मोठा, साधारण अख्खं शाळेचं वर्ष. दोन्हींपैकी काहीच नसेल तर निदान मॅक्टेची (मॉन्टेसरी टीचर ट्रेनिंग कोर्सना मान्यता देणारी संस्था) मान्यता आहे का ते विचारा.

मग वयोगट. घरात दोन वर्षांचं मूल आहे म्हटल्यावर सगळे म्हणतात शून्य ते तीनचा घे, घरीच उपयोग होईल. मी तीन ते सहाचा घेतला, कारण मला पुढे ज्या वर्गात उभं राहायचंय तो हा आहे, आणि लेक तर बघता बघता तीनची होईलच ना.

मी घेतलेला कोर्स मिश्र स्वरूपाचा आहे, थिअरी ऑनलाइन आणि मटेरियलची, म्हणजे मुलं वर्गात हाताळतात त्या साधनांची, प्रॅक्टिस प्रत्यक्ष जाऊन. थिअरीचं छान जमलं, रेकॉर्डिंग मिळतात, लेक झोपली की बघते. पण फक्त ऑनलाइन कोर्स घेऊ नका असं मी अगदी कळकळीने सांगेन. पिंक टॉवर म्हणजे दहा ठोकळे, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत, व्हिडिओत बघताना वाटतं यात काय शिकायचं, पण ट्रेनर समोर बसून जेव्हा म्हणतात की हात चालू असताना बोलायचं नाही, आधी दाखव, मग थांब, मग बोल, तेव्हा कळतं की आपल्याला सगळं हातासोबत बोलत करायची किती सवय असते. सँडपेपर लेटर्स (खरखरीत कागदाची अक्षरं) गिरवताना दोन बोटांचा दाब किती हवा हेही स्क्रीनवरून येत नाही, कुणीतरी बाजूला बसून बघावं लागतं.

अल्बम, म्हणजे आपण स्वतः तयार करायच्या वह्या, लिहायला सगळ्यात जास्त वेळ जातो. प्रत्येक मटेरियलचं प्रेझेंटेशन, हेतू, मुलाला स्वतःची चूक स्वतःला कशी कळते, सगळं स्वतःच्या शब्दांत. हे रोज थोडं थोडं केलं तरच निभतं.

आणि आता खरी अडचण. मॉन्टेसरी वर्गात सलग तीन तासांचं कामाचं सत्र असतं आणि ते बहुतेक ठिकाणी सकाळीच, म्हणजे ऑब्झर्वेशनला (वर्गात बसून मुलं काय करतात ते बघून लिहायचं) तुम्हाला सकाळीच जावं लागतं, संध्याकाळी वर्ग रिकामा असतो. नेमकं तेव्हाच आपलं मूल पूर्ण जागं, आपण हवेच असतो. हे कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. नवऱ्याने ऑफिसची वेळ पुढे ढकलली म्हणून जमलं. फी भरायच्या आधी विचारा, ऑब्झर्वेशनचे तास किती, सलग की तुकड्यांत, शाळा कोण शोधून देणार, मूल आजारी पडलं तर चुकलेले तास भरून काढता येतात का. आमच्याकडे या शेवटच्या प्रश्नाचं लेखी उत्तर मिळायला फार वेळ लागला, त्याचा ताण आला.

तरी कोर्समधलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे ऑब्झर्वेशनच. 'चिडली' असं लिहायचं नाही, 'डबा ढकलला, परत ओढला' असं लिहायचं. मॉन्टेसरींनी रोमच्या पहिल्या बालगृहात एका तीनेक वर्षांच्या मुलीला खाचांमधले लाकडी गोल ठोकळे चाळीसहून जास्त वेळा काढून परत बसवताना पाहिलं होतं, आजूबाजूला गाणी चालू असतानाही ती थांबली नाही. ते वाचल्यापासून लेक एकाच भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतत बसली की मी मध्ये पडत नाही, फक्त फडकं जवळ ठेवते. आधी मी दुसऱ्याच मिनिटाला "पुरे आता" म्हणायचे.

सकाळी मूल सांभाळायला कुणीच नसेल तर डिप्लोमा वर्षभर पुढे ढकला आणि तोवर असिस्टंट कोर्स बघा. तो बराच छोटा असतो, त्यावर मुख्य शिक्षिका होता येत नाही, पण वर्गात काय चालतं ते कळतं आणि डिप्लोमा झेपेल का याचाही अंदाज येतो.