नव्वदी ओलांडलेल्यांची दिनदर्शिका : निवड उत्तम, हिशेब कच्चा

आमच्या आबांना गेल्या डिसेंबरात नव्वद वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरच्या एका दुकानातून मी त्यांच्यासाठी वयाची नव्वदी पार केलेल्या बारा नामवंतांची भिंतीवरची दिनदर्शिका १८० रुपयांना आणली. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात ती सहा महिने रोज वापरात असल्यामुळे तिच्याविषयी आता खात्रीने लिहिता येईल.

बारा जणांत एकाच क्षेत्राची गर्दी नाही, ही तिची सर्वांत जमेची बाजू. जानेवारीत उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) आहेत. त्यांच्या पानावरचा मजकूर सनावळीत न अडकता थेट मुद्द्यावर येतो : तरुणपणी अति गाण्याने त्यांचा आवाज बसला, तो पूर्वीसारखा परत आला नाही, आणि उरलेल्या आवाजाला साजेल अशी बिकट लयकारीची, पेचदार तानांची जी गायकी त्यांनी बांधली, ती जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख ठरून शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात नांदली. भालजी पेंढारकरांचे पानही असेच जमले आहे. १९४८ च्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाल्यावर त्यांनी पन्नाशीच्या सुमारास तो पुन्हा उभा केला आणि १९९१ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना नव्वदी उलटल्यावर मिळाला, एवढ्या दोन गोष्टींत त्यांचे आयुष्य नेमके उभे राहते. प्रा. एन. डी. पाटील (१९२९–२०२२) यांचे टोलविरोधी आंदोलनातले छायाचित्र पाहून आबा बराच वेळ बोलत राहिले. ऐंशी ओलांडलेला माणूस आपल्यासाठी रस्त्यावर उतरलेला आमच्या गावाने पाहिला आहे. त्याची आठवण छापील मजकुरावर अवलंबून नाही.

बाहेरच्यांपैकी हॉकीपटू बलबीर सिंग सीनियर आणि तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांची पाने वाचनीय आहेत. हेलसिंकीच्या १९५२ च्या ऑलिंपिक अंतिम सामन्यातील भारताच्या सहांपैकी पाच गोल एकट्या बलबीर यांचे होते, आणि अण्वस्त्रविरोधी आंदोलनापायी रसेल यांना ८९ व्या वर्षी तुरुंगात जावे लागले, हे घरातल्या मुलांना या पानांमुळेच कळले. मंडेला यांचे पान मात्र शालेय निबंधासारखे सपक झाले आहे.

खरी तक्रार मे महिन्याच्या पानाविषयी आहे. तिथे व्ही. शांताराम आहेत. ते कोल्हापूरचे, प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथेच स्थापन झाली, त्यामुळे त्यांना घेण्याचा मोह समजू शकतो. परंतु त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ चा आणि निधन ऑक्टोबर १९९० मधले, म्हणजे त्यांना नव्वदावे वर्ष लागायलाही काही आठवडे कमी होते. ज्या अटीवर अख्खी दिनदर्शिका बेतली आहे, तीच अट संपादकाने बोटे मोजून तपासू नये, हे खटकते. अल्लादिया खाँसाहेबांच्याच शिष्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) ९६ वर्षे जगल्या. त्यांना हे पान सहज देता आले असते. बारांत अभिनेत्री सुलोचनादीदींखेरीज एकही स्त्री नाही, ती उणीवही त्याने थोडी भरून निघाली असती.

छपाई देखणी आहे, पण वापरणाऱ्याचा विचार झालेला नाही. तिथी आणि नक्षत्र इतक्या बारीक टायपात आहेत की नव्वदीच्या माणसांवरची ही दिनदर्शिका नव्वदीच्या माणसाला भिंगाशिवाय वाचता येत नाही. कागद गुळगुळीत आर्ट पेपरचा असल्याने बॉलपेन त्यावर घसरते. दुधाचा खाडा किंवा गॅसची टाकी लावल्याची तारीख लिहायला गेले तर नुसता ओरखडा उमटतो. वरची तारेची गुंडाळी मात्र पक्की आहे, पाने उलटताना एकदाही फाटली नाहीत.

हे सारे दुकानदाराला सांगितले, तेव्हा त्याने छापखान्याकडे बोट दाखवले आणि पैसे परत करण्याचा विषय काढला नाही. भेट म्हणून द्यायची असेल तर मी ती आजही घेईन, परंतु शांतारामांचे पान आधी सांगून ठेवीन. आबांनी त्या पानावरचा ‘९०’ जाड मार्करने खोडून शेजारी ‘८८’ लिहिले आहे, आणि दुधाचे खाडे अजूनही बँकेने फुकट दिलेल्या कॅलेंडरवरच मांडले जातात.