मार्से: पैसे कुठे सोडावेत, कुठे नाही

दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेला पोचलं की आधी सिटी पासची, म्हणजे बऱ्याच ठिकाणांच्या एकत्र तिकिटाची, जाहिरात हातात पडते. आम्ही तो घेतला नाही आणि कुठे अडलंही नाही. या शहरात बघण्यासारखं जे आहे त्यातलं निम्म्याहून जास्त फुकट आहे, आणि तेच जास्त चांगलं आहे. आवर्जून तिकीट काढावं अशी माझ्या मते एकच जागा. तिच्याकडे येतेच.

सुरुवात टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्दपासून करा. सासूबाई आणि त्यांचे दुखरे गुडघे सोबत असल्यामुळे चढ चढायचा प्रश्नच नव्हता. जुन्या बंदरावरून ६० नंबरची बस वर नेऊन सोडते, पुढे थोड्या पायऱ्या आहेत. १८६४ चं हे चर्च, पट्ट्यापट्ट्यांच्या दगडाचं, वर सोन्याचा मुलामा दिलेली अकरा मीटरहून उंच मेरी. लोक वर जातात ते चौफेर दिसणाऱ्या समुद्रासाठी, पण खरी मजा आत आहे. छतापासून दोऱ्यांना लहान लहान जहाजं टांगलेली आहेत, भिंतींवर वादळात सापडलेल्या बोटींची चित्रं आणि आभाराच्या संगमरवरी पाट्या. वादळातून जीव वाचलेल्यांनी फेडलेले नवस. सासूबाई एकेका चित्रापुढे उभ्या राहून "हा वाचला वाटतं" असं म्हणत पुढे सरकत होत्या, त्यांना बाहेर काढायला वेळ लागला. बाहेरच्या भिंतीवर ऑगस्ट १९४४ च्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा अजून आहेत, त्या शोधा. प्रवेश फुकट. मिस्त्राल नावाचा वारा सुटला असेल तर टोपी आणि ओढणी बॅगेत ठेवूनच वर जा.

दुसरी फुकट जागा म्युसेम. २०१३ मध्ये मार्से युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, तेव्हा उघडलेलं हे संग्रहालय. रुडी रिचोत्ती या वास्तुकाराने काँक्रीटची काळी जाळी करून इमारतीला गुंडाळली आहे. आतल्या प्रदर्शनांना तिकीट आहे आणि ती मला विस्कळीत वाटली. पण गच्ची, जाळीतून फिरत वर जाणारा उतार, आणि गच्चीवरून थेट सेंट-जाँ किल्ल्यावर नेणारा अरुंद पूल, हे सगळं तिकिटाशिवाय. दुपारी जाळीतून ऊन गाळून पडतं, खाली निळं पाणी. तिथे निवांत बसायला खुर्च्याही आहेत.

किल्ल्याच्या तटावरून उत्तरेला मोठ्या बोटींचं बंदर दिसतं. मराठी माणसाला इथे ८ जुलै १९१० आठवल्याशिवाय राहत नाही. 'मोरिया' बोटीच्या खिडकीतून सावरकरांनी घेतलेली उडी, पोहत गाठलेला धक्का, फ्रेंच पोलिसाने धरून पुन्हा इंग्रजांच्या हवाली करणं, आणि मग हेगच्या लवादापर्यंत गेलेलं प्रकरण. पोस्टकार्डांवरच्या जुन्या बंदरात तो धक्का शोधू नका, मोठी जहाजं तेव्हाही उत्तरेच्या बंदरातच लागत. सासूबाई तटावर बराच वेळ त्या दिशेला बघत होत्या. शाळेत धडा शिकवला होता त्यांनी.

आता तिकीट काढायची जागा: कोस्केर मेदितेरानी, म्युसेमच्या अगदी शेजारी. ऑन्री कोस्केर या पाणबुड्याला १९८५ मध्ये शहराजवळच्या कड्यांत समुद्राखाली ३७ मीटरवर एक भोक सापडलं. आतल्या लांब चढत्या बोगद्याच्या टोकाला कोरडी गुहा, आणि तिच्यात हजारो वर्षांपूर्वीचे घोडे, हातांचे ठसे, आणि आता नामशेष झालेले ग्रेट ऑक पक्षी. हिमयुगात समुद्र कितीतरी खाली होता, माणसं चालत आत जात. १९९१ मध्ये तिथे तीन पाणबुडे मेले, मग गुहा बंद झाली. खऱ्या गुहेत पाणी चढतंच आहे, चित्रं बुडत चालली आहेत. म्हणून २०२२ मध्ये ही प्रतिकृती उघडली. सहा जणांच्या छोट्या गाडीत बसवून अंधारातून फिरवतात, कानात इंग्रजी निवडता येतं. गुडघेदुखीवाल्यांना आदर्श. माझी तक्रार एकच: गाडी थांबत नाही. हातांच्या ठशांपाशी नजर बसेपर्यंत ती वळलेली असते. वरच्या मजल्यावरचे पूर्णाकृती प्राणी मुलांना आवडतील, मी भरभर संपवले.

शातो द'इफ या बेटावरच्या किल्ल्याबद्दल मात्र माझं मत फारसं चांगलं नाही. बोट वीसेक मिनिटांची, ती छान. किल्ल्यात रिकाम्या कोठड्या, आणि एका फ्रेंच कादंबरीतल्या कैद्याची म्हणून दाखवली जाणारी कोठडी, म्हणजे न घडलेल्या गोष्टीचं स्मारक. त्यापेक्षा घडलेली गोष्ट रंजक आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला एक गेंडा पोपकडे निघाला होता. १५१६ च्या सुरुवातीला तो इथल्या एका बेटावर उतरवला आणि फ्रान्सचा राजा खास बघायला आला. पुढे जहाज बुडालं, गेंडाही गेला. वारा जोरात असला की बोटी बेटावर थांबत नाहीत, म्हणून तिकीट जायच्या दिवशी सकाळीच काढा.

कालांकच्या पांढऱ्या कड्यांसाठी वेगळा दिवस आणि तरुण गुडघे हवेत. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे वाटा बंद करतात, आणि त्यातल्या सुगितों नावाच्या भागाला गर्दीच्या महिन्यांत आधी नोंदणी लागते, तीही फुकट.

खाण्याचं. बुयाबेस हा इथला प्रसिद्ध माशांचा रस्सा. अस्सल असेल तर माणशी ६० युरोंच्या पुढे सहज जातो आणि बऱ्याचदा आधी सांगून ठेवावा लागतो. बंदराकडे तोंड करून असलेल्या एका हॉटेलात आम्हाला स्वस्तातला मिळाला. केशराचा नुसता रंग, मासे दोन तुकडे. शाकाहाऱ्यांनी पानिस शोधा: हरभऱ्याचं पीठ शिजवून, थापून, कापून तळलेलं, तळलेली पाटवडीच म्हणा, फक्त फोडणीशिवाय. सासूबाईंनी पर्समधली चटणी काढली आणि विषय संपला.

वेळ उरला तर ल कोर्ब्युझिए या वास्तुकाराची १९५२ ची निवासी इमारत बघा. होय, चंदीगडवालेच, ही इमारत आणि चंदीगडचा कॅपिटॉल परिसर २०१६ मध्ये एकदमच युनेस्कोच्या यादीत आले. गच्चीवर गेलात तरी पुरे, आतलं कुतूहल मला फारसं वाटलं नाही.

आणि म्युसेम मंगळवारी बंद असतं. त्या दिवशी जुन्या वस्तीतल्या व्हिएय शारितेत जा. गरिबांना कोंडायला सतराव्या शतकात बांधायला घेतलेली ही वास्तू, तिच्या कमानींचे तीन मजले आणि मधलं लंबगोल घुमटाचं प्रार्थनामंदिर बघायला पैसे लागत नाहीत. ते मात्र सोमवारी बंद.