पिकअपचे ब्रेक पॅड : सेमी-मेटॅलिक की सिरॅमिक?

गूळ भरून गगनबावड्याहून करूळ घाट उतरायचा असेल, तर माझं मत सरळ आहे: सेमी-मेटॅलिकच घ्या. त्यात वजनाने साधारण 30 ते 65 टक्के धातू असतो. डिस्कची, म्हणजे पॅड जिला दाबून धरतात त्या चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीची, उष्णता ते ओढून घेतात, म्हणून लांब उतारावर पकड टिकते. गेल्या पावसाळ्यात साधे, झिजलेले पॅड घेऊन उतरलो. पेडल कडक लागत होतं, पण गाडी पुढेच सरकत होती आणि चाकापाशी जळका वास. दुसऱ्या गिअरने, म्हणजे इंजिनच्या ओढीने, वाचवलं. त्या दिवसापासून पॅडच्या बाबतीत काटकसर नाही.

सिरॅमिक शांत. करकर नाही, रिमवर काळी भुकटी कमी, डिस्कही कमी झिजते. किंमत मात्र जास्त. रंकाळा ते मार्केट यार्ड अशा हलक्या फेऱ्या असतील तर खुशाल घ्या. सेमी-मेटॅलिक सकाळी गार असताना जरा कमी धरतात, आवाजही करतात. घाटवाल्यांनी तेवढं सोसावं.

नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर 50 च्या वेगावरून आठ-दहा वेळा बेताने ब्रेक मारा, मध्ये गार होऊ द्या. आणि मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकचे लायनरही (पॅडसारखंच झिजणारं अस्तर) त्याच वेळी उघडून बघा.