न्यायसहायक विज्ञानाचा प्रयोगसंच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील दोन तुकड्यांना मी न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक सायन्स, म्हणजे गुन्ह्यांच्या तपासात वापरले जाणारे विज्ञान) हा ऐच्छिक विषय शिकवतो. वर्षाच्या सुरुवातीला शाळेने या विषयासाठी एक तयार प्रयोगसंच घेतला आणि गेले आठ महिने तो आठवड्यातून एकदा, दोन सलग तासिकांमध्ये वापरात आहे. बोटांचे ठसे उमटवण्याची भुकटी, कृत्रिम रक्त, काचेचे तुकडे, शाईचे नमुने, बुटाच्या ठशासाठी प्लास्टर, केसांच्या तयार काचपट्ट्या, रंगद्रव्यांचे इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या साहाय्याने त्यांचे घटक वेगळे करणे) आणि या सर्वांना एकत्र बांधणारी एक कल्पित चोरी, असे त्याचे स्वरूप आहे. साहित्याविषयी माझे मत चांगले आहे. आक्षेप आहे तो माहितीपुस्तिकेवर, कारण तिच्यातील प्रत्येक प्रयोग एका निश्चित नावाशी येऊन थांबतो आणि ‘या पुराव्यावरून काही ठरवता येत नाही’ हे उत्तर तिच्यात कुठेही नाही. प्रत्यक्षात या शास्त्रात ते उत्तर वारंवार द्यावे लागते, आणि ते देण्याचे धैर्य मुलांना याच वयात शिकवायला हवे असे मला मनापासून वाटते.

सर्वाधिक वेळ बोटांच्या ठशांवर गेला आणि तो सत्कारणी लागला. संचातील ब्रश चांगल्या प्रतीचा आहे, पण पहिल्या दोन आठवड्यांत मुलांनी जवळपास प्रत्येक ठसा भुकटीखाली गाडून टाकला. ब्रशच्या टोकाला जेमतेम दिसेल इतकीच भुकटी घ्यायची, आधी हलक्या हाताने फिरवायची आणि रेषा दिसू लागल्या की रेषांच्या दिशेनेच ब्रश न्यायचा, हे सांगून समजत नाही. एक-दोन ठसे हातून पुसले गेले की मगच समजते. लूप, चक्र आणि कमान हे तीन मुख्य प्रकार मुलांनी स्वतःच्या दहा बोटांवर मोजले. लूप साधारण ६० ते ६५ टक्के, चक्र ३० ते ३५ टक्के आणि कमान सुमारे ५ टक्के हे पुस्तकातले प्रमाण आमच्या वर्गाच्या बेरजेत ढोबळमानाने तसेच आले. नुसत्या प्रकारावरून माणूस ओळखता येत नाही, रेषा कुठे संपते, कुठे दुभंगते हे पाहावे लागते, ही गोष्ट त्या बेरजेमुळे वेगळी शिकवावी लागली नाही.

यानंतर मी पुस्तिका बाजूला ठेवून एक प्रयोग स्वतः रचला. एक फिकट, अर्धवट घसरलेला ठसा आणि एक स्वच्छ ठसा अशी एकच जोडी दोन्ही तुकड्यांना दिली. पहिल्या तुकडीला सांगितले की स्वच्छ ठसा ज्याचा आहे तो माणूस कॅमेऱ्यात घटनास्थळी दिसला आहे. दुसरीला काहीच सांगितले नाही. पहिल्या तुकडीतील बहुतेकांनी ‘जुळतो’ असे लिहिले, तर दुसरीतील बहुतेकांनी ‘ठरवता येत नाही’ असे. दोन्हींचे कागद शेजारी ठेवले तेव्हा त्यामागचे कारणही दिसले. पहिल्या तुकडीतील एका मुलीने स्वच्छ ठशावर आधी नऊ खुणा केल्या होत्या आणि मग त्या नऊच्या नऊ फिकट ठशात शोधून काढल्या होत्या. त्यातली एक खूण मी भिंगाखाली पाहिली, तर तिथे रेषा दुभंगलेली नव्हती, भुकटीचा एक कण चिकटलेला होता. तिलाही तो भिंगातून दाखवला. बराच वेळ पाहून तिने स्वतःच ती खूण खोडली, आणि मग आणखी दोन.

२००४ साली माद्रिदमधील रेल्वे बॉम्बस्फोटांच्या तपासात अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने एका पिशवीवरील ठसा एका निरपराध अमेरिकन वकिलाचा ठरवला होता आणि त्याला अटकही झाली होती. पुढे स्पॅनिश पोलिसांना तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे आढळले. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी २००६ मध्ये या चुकीची जी कारणमीमांसा केली, तिच्यात ज्ञात ठशातील वैशिष्ट्ये आधी मनात धरून ती अज्ञात ठशात शोधण्याची हीच उलटी पद्धत नोंदवलेली आहे. ही हकिकत मी खुणा खोडून झाल्यावर सांगितली, आधी नाही. तेव्हापासून आमच्या वर्गात नियम आहे की अज्ञात ठशातील खुणा आधी नोंदवायच्या, कागदावर तारीख आणि वेळ घालायची, आणि मगच ज्ञात ठशाचे पाकीट उघडायचे.

रक्ताच्या थेंबांचा प्रयोग गणिताच्या दृष्टीने या संचातला सर्वांत कसदार आहे. तिरप्या पृष्ठभागावर पडलेल्या थेंबाचा डाग लांबट होतो आणि त्याची रुंदी भागिले लांबी म्हणजे आघातकोनाचा साइन. डाग १० मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर रुंद असेल तर कोन ३० अंश. मोजताना शेपटी वगळायची असते, हे पुस्तिकेत आहे. पण एक महत्त्वाची गोष्ट तिच्यात नाही. याच १० मिलिमीटर लांबीच्या डागाची रुंदी ५ ऐवजी ५.३ मोजली गेली तर कोन ३० वरून ३२ अंशांवर जातो, मात्र ९.५ ऐवजी ९.८ मोजली गेली तर तो ७२ वरून थेट ७८ च्या पुढे जातो. ९० अंशांजवळ साइनचा आलेख सपाट होत जात असल्याने चूक तीच राहूनही परिणाम तिप्पट होतो. मुलांनी फळीचे कोन बदलून हे स्वतः पडताळले आणि उत्तरापुढे ‘अधिक-उणे’ लिहायला सुरुवात केली, याचे मला फार समाधान आहे. संचातील कृत्रिम रक्त मात्र पातळ वाटते. खरे रक्त पाण्याच्या सुमारे चौपट दाट असते. या द्रवाचे डाग कडेला फुटतात आणि रुंदी नेमकी कुठवर धरायची याचा गोंधळ होतो. गुळगुळीत, न शोषणारा कागद वापरल्यावर हा त्रास बराच कमी झाला.

काचेच्या तुकड्यांचा प्रयोग साधा असूनही वर्ग एकदम शांत करून गेला. साध्या खाद्यतेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचे माप) सुमारे १.४७ असतो आणि बोरोसिलिकेट काचेचाही जवळपास तेवढाच, त्यामुळे तिची कांडी तेलात बुडवली की दिसेनाशी होते. खिडकीची साधी काच सुमारे १.५२ ची असल्याने तिच्या कडा तेलातही दिसत राहतात. इथेही पुस्तिका ‘तुकडा संशयिताच्या खिडकीचाच’ असे लिहून मोकळी होते. अपवर्तनांक जुळला म्हणजे तुकडा त्या खिडकीचा असू शकतो, इतकेच म्हणता येते, कारण तशा काचेच्या खिडक्या असंख्य असतात. उलट तो जुळला नाही तर ती खिडकी खात्रीने वगळता येते. वगळण्याची ही ताकद पुस्तिकेने ओळखलेलीच नाही.

शाईच्या क्रोमॅटोग्राफीबद्दल (द्रावक कागदावर चढवून शाईतील रंग वेगळे करण्याबद्दल) विशेष लिहिण्यासारखे नाही. आरंभरेषा पेन्सिलीने ओढायची आणि ती द्रावकाच्या पातळीच्या वर ठेवायची, एवढे पाळले तर प्रयोग चुकत नाही. मात्र दिलेली सगळी पेने पाण्यात विरघळणाऱ्या शाईची आहेत. कायम टिकणाऱ्या शाईचे एक पेन आणि थोडे अल्कोहोल मी जोडले, म्हणजे पाण्यात शाई हललीच नाही तर काय करायचे हा प्रश्न मुलांपुढे उभा राहतो. बुटाच्या ठशाचे प्लास्टर ठिसूळ आहे. शक्य असेल तर दंतवैद्य वापरतात ते डेंटल स्टोन घ्यावे, त्यात तळव्याची बारीक नक्षी अधिक चांगली उतरते. ओल्या प्लास्टरमध्ये हात बुडवून ठेवू देऊ नये, कारण ते घट्ट होताना तापते आणि भाजू शकते.

केसांच्या काचपट्ट्या उत्तम आहेत. केसाच्या मधल्या गाभ्याची जाडी माणसात बहुधा एकूण जाडीच्या एक तृतीयांशाहून कमी आणि इतर सस्तन प्राण्यांत निम्म्याच्या आसपास किंवा अधिक असते, हे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. माणूस की प्राणी, इथवर हा प्रयोग भक्कम आहे. त्यापुढे जाऊन ‘हा केस संशयित क्रमांक तीनचा’ असे जे पान पुस्तिकेत आहे ते मी मुलांना दिलेच नाही. एफबीआयने २०१५ मध्ये स्वतःच्या जुन्या खटल्यांचा आढावा जाहीर केला तेव्हा केसांच्या सूक्ष्मदर्शकीय तुलनेवरील साक्षींपैकी तपासलेल्या किमान ९० टक्के उताऱ्यांत चुकीची विधाने आढळली होती. असे असताना तेच विधान शाळकरी मुलांकडून करवून घेणे मला योग्य वाटले नाही.

सुरक्षिततेबाबत एक गंभीर तक्रार आहे. सुपरग्लूच्या वाफेने ठसे उमटवण्याचा प्रयोग पुस्तिकेत मुलांच्या टेबलावर करायला सांगितला आहे आणि सूचना म्हणून ‘हवा खेळती ठेवा’ एवढेच लिहिले आहे. सुपरग्लूतील सायनोअॅक्रिलेटची वाफ डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला झोंबते. पहिल्याच दिवशी मी खिडक्या उघड्या ठेवून हा प्रयोग केला आणि पुढच्या बाकावरील दोघांचे डोळे चुरचुरू लागल्याने तो अर्ध्यात थांबवावा लागला. त्यानंतर तो फक्त धूरकपाटात (वाफ बाहेर खेचून घेणाऱ्या, काचेच्या दाराच्या प्रयोगकपाटात), मी स्वतः करतो आणि मुले काचेपलीकडून पाहतात. ज्यांच्याकडे धूरकपाट नाही त्यांनी तो वगळावा. भुकटीने काम भागते.

आठ महिन्यांत भुकटी आणि ठसे उचलण्याची चिकटपट्टी आधी संपली, कृत्रिम रक्त त्यानंतर. काचपट्ट्या, भिंगे आणि ब्रश अजून चांगल्या स्थितीत आहेत. शेवटच्या प्रकल्पासाठी मी चोरीची घटना तीच ठेवली, पण पाकिटांतील दोन नमुने बदलले, जेणेकरून पुरावा एकाही संशयितापर्यंत पुरेसा पोहोचू नये. सात गटांपैकी चार गटांनी तरीही नाव दिले. तीन गटांनी कोणाला वगळता येते, कोणाला नाही आणि आणखी कोणता नमुना मिळाला असता तर पुढे जाता आले असते, हे लिहून अहवालावर सह्या केल्या. त्या तिघांना मी पूर्ण गुण दिले आहेत, आणि उरलेल्या चार गटांना त्यांची पाकिटे पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडायला दिली आहेत.