शाळेत पायी की सायकलने? पाचवी-सहावीच्या मुलांसाठी एक तुलना

आमच्या मुलीची शाळा घरापासून सव्वा किलोमीटरवर आहे. तरीही पाचवीच्या सुरुवातीला ती रोज सकाळी पाऊण तास व्हॅनमध्ये बसून असे, कारण व्हॅनकाका सर्वांत आधी तिला घेत आणि मग साऱ्या उपनगराची फेरी मारत. ते बंद करायचे ठरले तेव्हा दोन पर्याय पुढे आले: तिने सायकलने जावे, किंवा सोसायटीतल्या मुलांनी मोठ्यांच्या सोबतीने गटाने पायी जावे. दिवाळीनंतर वर्ष संपेपर्यंत आम्ही सायकल करून पाहिली आणि गेल्या जूनपासून पायी जाणे सुरू केले. पुण्यात असाच विचार करणारे आणखीही पालक असतील, म्हणून दोन्ही अनुभव इथे मांडतो आहे.

सायकलीची बाजू कमकुवत नाही. सात मिनिटांत शाळा येते, पायी वीस मिनिटे लागतात, आणि शाळा सकाळी सव्वासातची असली की त्या तेरा मिनिटांची किंमत घरातल्या सगळ्यांना कळते. दप्तर कॅरिअरवर बांधता येते, हा लाभही मोठा आहे. केंद्र सरकारच्या 2020च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. डबा आणि पाण्याची बाटली धरून आमच्या घरचे दप्तर त्याहून बरेच जड भरले. शिवाय आपल्या बळावर शाळेत पोहोचल्याचा आनंद मी तिच्या चेहऱ्यावर रोज पाहिला आहे.

तरीही आमचा कौल फिरला तो एका रोजच्या त्रासामुळे. आमच्या रस्त्याला सायकलसाठी वेगळी पट्टी आहे, पण ती सलग नाही. कुठे बसथांबा आडवा येतो, कुठे विजेचा डीपी, कुठे रांगेने लावलेल्या दुचाकी, आणि दर वेळी मुलाला पट्टी सोडून मुख्य रस्त्यावर यावे लागते. एका सकाळी मी मोजले, तेव्हा असे नऊ वेळा झाले. रस्त्यावर येण्यापूर्वी मागे वळून पाहा, हे मीच तिला शिकवले होते. पण दहा वर्षांचे मूल उजव्या खांद्यावरून मागे पाहते तेव्हा मानेबरोबर खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल वळते, आणि मागून काय येते आहे हे दिसण्याआधीच सायकल हातभर उजवीकडे, म्हणजे नेमकी वाहनांच्या वाटेत गेलेली असते. मी दुसऱ्या सायकलवर तिच्या मागे असे आणि दर वेळी थोडा उजवीकडे सरकून तिच्या आणि वाहनांच्या मध्ये येत असे. मी मागे नसेन त्या दिवशी काय, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. हेल्मेट, घंटा, मागचा लाल दिवा हे सारे होते, पण या अडचणीवर त्यातले काहीच उपयोगी नव्हते.

मुलांना गटाने पायी नेण्याची कल्पना ऑस्ट्रेलियातील डेव्हिड एंगविक्ट यांनी 1990च्या दशकात 'चालती शाळा-बस' या रूपात मांडली: ठरलेला मार्ग, ठरलेले थांबे, ठरलेली वेळ, आणि चालकाच्या जागी पालक. आमच्या गटात अकरा मुले आहेत. एक मोठे माणूस पुढे असते, एक सर्वांत मागे, आणि पाळ्या आठवड्याच्या सुरुवातीला ठरतात. त्यात सर्वांत भरवशाचे ठरले आहेत ते दोन निवृत्त आजोबा. अडथळे पायी जातानाही चुकत नाहीत. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या 2012च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी. जंगली महाराज रस्त्यावरच्या नव्या पदपथांवर मुले मोकळेपणी चालतात; आमच्याकडे मात्र एका खांबाशेजारून त्यांना दप्तर पोटाशी घेऊन एकेक करून जावे लागते. पण पायी चालणारे मूल अडथळ्यापाशी थांबू शकते, आणि थांबून मागे पाहताना ते डळमळत नाही. चौकात पुढचे आजोबा हात आडवा करतात आणि अकराही मुले झेब्रा पट्ट्यांवर एकदम उतरतात. एकट्या सायकलवाल्या मुलाला न जुमानणारा दुचाकीस्वार त्यांच्यासमोर ब्रेक दाबतो. निदान आमच्या चौकात तरी मला असेच दिसले आहे.

पावसाळ्यात पायी जाणे जिकिरीचे होते, आणि दप्तर पाठीवरच राहते. वर्गशिक्षिकांनी दोन जाड पुस्तके वर्गात ठेवू दिल्यापासून ते थोडे हलके झाले आहे.

अंतर दोन किलोमीटरच्या पुढे असेल, मूल आठवी-नववीत असेल किंवा सायकलची पट्टी खरोखरच सलग असेल, तर माझे मत कदाचित वेगळे झाले असते. ग्रामीण भागात, जिथे राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, तिथे तर सायकलमुळेच मुलीची शाळा चालू राहते. तिथे ही तुलना लावू नये. शहरातल्या गजबजलेल्या रस्त्यावर दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी मात्र, दोन मोठी माणसे मिळत असतील तर, मी आधी पायी गटाचाच विचार करा असे सुचवेन.

सायकल आम्ही विकलेली नाही. रविवारी सकाळी मैदानावर मी चुन्याची सरळ रेघ आखतो, मुलगी तिच्यावरून सायकल चालवते, आणि मी मागून बोटे वर करतो. चाक रेघेवरून न ढळता मागे पाहून किती बोटे आहेत हे तिला सांगता यायला हवे. गेल्या रविवारी दहापैकी चार वेळा जमले.