राउंड आला, नातेवाईक आतच थांबा

सप्टेंबरात मुलाला (वय 7) डेंग्यू झाला आणि पुण्यातल्या मेडिकल कॉलेजला जोडलेल्या एका हॉस्पिटलात पाच रात्री काढल्या. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

एरवी डॉक्टरांचा राउंड आला की नातेवाइकांना बाहेर काढतात. इथे सिस्टर उलटंच सांगून गेल्या, "ताई, आत्ता चहाला जाऊ नका, राउंडला थांबा."

पहिल्या दिवशी पलंगाभोवती आठ-नऊ जण आणि सगळं इंग्रजीत. मग मोठे सर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका, डेंग्यूत जपायची वेळ तीच. रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपतं. पोट दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, लघवी कमी झाली तर लगेच सांगा. नुसता प्लेटलेटचा आकडा धरून बसू नका. (सासूबाईंनी पाठवलेला पपईच्या पानांचा रस मी गुपचूप बेसिनमध्ये ओतला.)

तेव्हापासून पाणी किती प्यायला, शूला कधी गेला, सगळं मोबाइलमध्ये वेळेसकट लिहायला लागले. तिसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाच्या रेसिडेंट (एमबीबीएसनंतर पुढचं शिकणाऱ्या डॉक्टर) मॅडम केस सांगताना 'युरिन ॲडिक्वेट' म्हणाल्या. तेवढं मला समजलं. "रात्री साडेअकरानंतर झालीच नाही हो," मी मधेच बोलले. सकाळचे साडेनऊ वाजले होते. सरांनी नाडी बघितली, तळपाय गार आहेत का बघितलं, सलाईनचा वेग वाढवला, पीसीव्ही (रक्त किती घट्ट झालंय ते सांगणारी तपासणी) पुन्हा पाठवायला लावला. मॅडमना मात्र सगळ्यांदेखत ऐकून घ्यावं लागलं. मी पोस्टात काउंटरवर बसते. गिऱ्हाइकासमोर साहेब बोलले की कान कसे तापतात, मला ठाऊक आहे.

रात्री दोनला रक्त घ्यायला त्याच आल्या. मी सॉरी म्हटलं. "बोललात ते बरंच केलंत," त्या म्हणाल्या, "पण खरं सांगू? तुम्ही समोर असलात की सरांना शंका विचारायला जीभ रेटत नाही. वाटतं, आई म्हणेल, हिलाच येत नाही आणि ही माझ्या पोराला सुई टोचणार!" तिसऱ्या वर्षाच्या डॉक्टरांचं म्हणणं वेगळं. राउंड लांबतो, पण मग दुपारभर एकेक नातेवाईक येऊन तेच विचारत नाही. "आणि अंगावर धावून येणारे कमी होतात," हेही ते अगदी सहज बोलून गेले.

आता तक्रारी. राउंडची वेळ साडेआठ. एकदा तर अकरा वाजले. पास एकच, त्यामुळे मुलाच्या बाबांना सगळं फोनवरून. आणि शेजारच्या तेरा वर्षांच्या मुलीला, अंथरुणात लघवी होते का, हे आम्हा सगळ्यांसमोर विचारलं. पोरगी चादरीत तोंड खुपसून बसली. पडदा होता, कुणी ओढला नाही.

पाचपैकी चार तारे. एक पडद्यासाठी कापला. जाणार असाल तर वही-पेन न्या, चार्जिंगचा पॉइंट पलंगापासून लांब आहे.